‘युरोप झाले’ म्हणणाऱ्यांस

मराठीत ‘झाले’ हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. आंघोळ झाली, पूजा झाली, चकल्या झाल्या, धाकटीचे लग्न झाले. गेल्या काही वर्षांत या पंगतीत एक नवे वाक्य येऊन बसले आहे : "आमचं युरोप झालं." सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत सोलापुरातल्या कोणत्याही खात्यापित्या घरी दिवाळीच्या फराळाला जा, चकलीचा पहिला तुकडा मोडायच्या आत ते कानावर येईल. युरोप झाले, दुबई तर कधीच झाली, आता जपान तेवढे राहिले आहे. पूजा झाली म्हणणारा माणूस उद्या सकाळी पुन्हा पूजेला बसणार असतो. युरोप झाले म्हणणारा पुन्हा तिकडे फिरकणार नसतो. माझे भांडण आहे ते एवढ्याच फरकाशी.

आधीच सांगून टाकते की सहलीला जाणाऱ्यांची टिंगल करायला मी लेखणी उचललेली नाही. ती टिंगल आपल्याकडे फार स्वस्त झाली आहे. मोज्यांवर चपला, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. यावर हसणाऱ्यांना मी इतकेच विचारते की आल्प्सवर बसून शेंगाचटणी खाल्ल्याने आल्प्सचे नेमके काय बिघडते? जिने पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या घड्याळावर स्वयंपाक केला, तिने बारा दिवस आयते ताट, आयती बस आणि आयता वाटाड्या मागितला तर तो तिचा हक्कच आहे. माझी तक्रार तिच्या चटणीबद्दल नाही, तिला विकलेल्या हिशेबाबद्दल आहे. बारा दिवसांत सात देश! त्यातले दोन दिवस विमानाचे. उरलेल्या दहांतून झोप, न्याहारी, सामान बांधणे, सामान सोडणे आणि बसमधले तास वजा करा. एकेका देशाच्या वाट्याला जे उरते तेवढा वेळ आपण व्याह्यांच्या घरभरणीलाही देतो. आणि तेथून परत येताना व्याह्यांचे घर पाहिले असे म्हणतो, व्याही कळले असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघे फ्रान्समधल्या ल्यों शहरी दुसऱ्यांदा गेलो आणि नऊ दिवस तेथेच राहिलो. पॅरिस नाही, स्वित्झर्लंड नाही, काही नाही. परत आल्यावर जे भेटायला आले त्यांचा सूर समाचाराला आल्यासारखा होता. "तेच गाव पुन्हा? तिकिटात काही घोटाळा झाला का?" एका वहिनींनी तर ह्यांच्या तब्येतीची हळू आवाजात चौकशी केली. पाहिलेल्या गावी पुन्हा जायला निदान आजारपणाचे तरी कारण हवे, अशी आपली समजूत झालेली दिसते.

आता ल्योंच का, ते सांगते. तुमच्या पलंगावर जी मोराची सोलापुरी चादर आहे तिचा धागा त्या गावापर्यंत पोचतो. चादरीवरचा मोर कोणी विणकर हाताने रेखाटीत नाही. मागाच्या डोक्यावर एक सांगाडा बसवलेला असतो आणि त्यावरून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. जेथे भोक असेल तेथला उभा धागा उचलला जातो, जेथे नसेल तेथला खाली राहतो, आणि मधून धोटा आडवा धागा घेऊन निघून जातो. एक पुठ्ठा म्हणजे धोट्याची एक फेरी. अशा शेकडो फेऱ्या झाल्या म्हणजे पिसारा पुरा होतो. या यंत्राला आपल्या पूर्व भागातले विणकर जकार्ड म्हणतात. जकार्ड हे एका माणसाचे आडनाव आहे. जोसेफ मारी जकार्ड हा ल्योंचा; जन्म १७५२, मृत्यू १८३४. १८०४ च्या सुमारास त्याने हे यंत्र सिद्ध केले. त्याच्याआधी नक्षीचे रेशीम विणायचे तर मागापाशी एक पोर दिवसभर दोऱ्या ओढीत बसे. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी हीच भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. म्हणजे तुमची नातवंडे ज्या संगणकावर दिवस काढतात त्याच्या कुळात हा माग पणजोबा लागतो. आता नव्या कारखान्यांत पुठ्ठ्यांचे काम संगणकच करतो. पणतू पणजोबांच्या जागी बसला, इतकेच.

पहिल्या भेटीत आम्ही ल्योंमध्ये दोन दिवस होतो. फूर्व्हिएरच्या टेकडीवरचे भव्य चर्च, त्याच्या पायथ्याचे जुने गाव, सोन आणि रोन या दोन नद्यांचा संगम, सारे रीतसर पाहिले. पहिली भेट ही गावाच्या बैठकीच्या खोलीतली भेट असते. तेथे गालिचा घातलेला असतो, चांगल्या कपबश्या काढलेल्या असतात. त्यात वावगे काही नाही. पण कोणत्याही घराचे खरे चालणे-बोलणे स्वयंपाकघरात असते आणि पहिल्या भेटीला तेथवर कोणी जात नाही.

दुसऱ्या खेपेला फूर्व्हिएरला जाण्याची घाई नव्हती. आम्ही बिऱ्हाड केले ते समोरच्या टेकडीवर. तिचे नाव क्र्वा-रूस. ल्योंचे लोक म्हणतात, एक टेकडी प्रार्थना करते आणि दुसरी काम करते. ही कामाची टेकडी. रेशीम विणणाऱ्यांची वस्ती येथे एकोणिसाव्या शतकात उभी राहिली आणि त्या विणकरांना तेथे कान्यू म्हणत. त्यांची घरे बाहेरून चाळींसारखी उंच आणि साधी. आत पाऊल टाकले की मान वर जाते. एकेका खोलीची उंची सुमारे चार मीटर, म्हणजे तेरा फूट. एवढी उंची कोणाच्या ऐटीसाठी नाही, जकार्डचा सांगाडा मावावा म्हणून. घर मागासाठी बांधलेले, आणि माणसांनी उरलेल्या जागेत राहायचे. वर लाकडी पोटमाळा काढलेला. तेथे सगळे कुटुंब झोपायचे. खाली माग, वर मुले, कोपऱ्यात चूल. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे घर कोणी समजावून सांगायला नको. मागाची खटखट थांबली की त्या घरातले तान्हे मूल जागे होते.

या टेकडीवर ‘पाहण्यासारखे’ फारसे काही नाही. एक मोठा धोंडा आहे. हिमनदीने फार पूर्वी आल्प्सकडून वाहून आणलेला आणि डोंगरात बोगदा खणताना सापडलेला. संध्याकाळी म्हातारी माणसे तेथे येऊन बसतात, आम्हीही बसलो. सोमवार सोडून रोज सकाळी हमरस्त्यावर भाजीबाजार भरतो. तिसऱ्या दिवशी भाजीवाल्या बाईने ह्यांच्या पिशवीत न मागता कोथिंबिरीसारखी एक जुडी टाकली. ती कोथिंबीर नव्हती, पण आमटीत चालून गेली. चढाच्या गल्ल्यांतून घराघरांच्या पोटातून जाणाऱ्या वाटा आहेत. त्यांना त्राबूल म्हणतात. एका रस्त्याचे दार ढकलायचे, आतल्या चौकातून, जिन्याखालून जायचे आणि पलीकडच्या रस्त्याला निघायचे. रेशमाचे तागे पावसात न भिजवता खाली व्यापाऱ्याकडे नेण्यासाठी या वाटा सोयीच्या पडत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना चुकवणारे देशभक्त याच वाटांनी निसटत. पहिल्या दिवशी आम्ही त्यांत वाट चुकलो. पाचव्या दिवशी एका जपानी जोडप्याला वाट दाखवली. एवढ्याशा गोष्टीचा आनंद आयफेल मनोऱ्याने मला दिलेला नाही.

आणि एक भिंत आहे. भली थोरली, खिडक्या नसलेली. तिच्यावर १९८७ साली चित्रकारांनी त्याच वस्तीचे चित्र काढले : मधून वर जाणाऱ्या पायऱ्या, दोहो बाजूंची घरे, खिडक्या, येणारी-जाणारी माणसे. लांबून पाहणाऱ्याला रस्ता खराच वाटतो. १९९७ मध्ये ही भिंत नव्याने रंगवली आणि २०१३ मध्ये पुन्हा. दर वेळी चित्रातली माणसे तेवढ्या वर्षांनी वाढलेली! मुलांची मोठी माणसे झाली, मोठ्यांचे केस पिकले. जे गाव आपली भिंतसुद्धा दुसऱ्यांदा येणाऱ्यासाठी रंगवते, त्या गावाला ‘झाले’ म्हणायला जीभ कशी रेटावी?

याच टेकडीवरून नोव्हेंबर १८३१ मध्ये कान्यू खाली उतरले होते. भांडण होते मजुरीच्या दराचे. कापड नगावर घेणारा व्यापारी देईल तो भाव, अशी रीत होती. ऑक्टोबरात सरकारी अधिकाऱ्यासमोर किमान दर ठरला. व्यापाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो पाळायचे नाकारले. विणकरांनी काळे निशाण उभारले. काम करून जगू, नाहीतर लढून मरू, अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. काही दिवस सबंध शहर त्यांच्या हाती होते. मग वीस हजारांच्या आसपास फौज आली आणि ठरलेला दर रद्द झाला. १८३४ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा उठले आणि त्या वेळी फार रक्त सांडले. तेथल्या एका उंच, उघड्या जिन्याखाली उभी राहून मी हे वाचत होते आणि मला आठवत होता तो मे १९३०. गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, ८ मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले. काही दिवस इंग्रजांचे राज्य या गावातून उठले होते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. दोन्ही विणकरांची गावे, दोन्ही काही दिवस स्वतःच्या मालकीची, मधे जवळजवळ शंभर वर्षे. हे साम्य मला कोणा वाटाड्याने सांगितले नाही. नऊ दिवस एकाच टेकडीवर बसल्याशिवाय ते सुचलेही नसते.

यावर उत्तर तयार आहे, ते मला पाठ झाले आहे. "बाई, तुमचं ठीक आहे. आम्हाला जन्मात एकदाच जाणं परवडतं. मग जेवढं पाहता येईल तेवढं पाहून घ्यावं, नाही का?" हा आक्षेप खोटा नाही. मुलीच्या लग्नाचे पैसे बाजूला ठेवून, भविष्यनिर्वाह निधीतून काढून लोक जातात, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला एकदाच जेवायला मिळणार त्याने चाळीस पदार्थांना बोट लावून उठावे, हा कोणता व्यवहार? खर्चाचेच बोलायचे तर सगळ्यात मोठा पैसा पळापळीला लागतो. एका गावी स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, डाळ-तांदूळ शिजवले आणि ट्रामने हिंडलो, की सात राजधान्यांच्या हॉटेलांचे भाडे वाचते. आणि दुसऱ्यांदा जायला दर वेळी दुसरे विमान लागते असे कोणी सांगितले? मंगळवारी पाहिलेल्या चौकात शुक्रवारी पुन्हा जाणे हीसुद्धा दुसरी भेटच. सहलीच्या पत्रकात शुक्रवारी तुम्ही तिसऱ्या देशात असता, एवढीच अडचण.

खरे पाहता ही गोष्ट सोलापूर जिल्ह्याला शिकवावी लागावी याचेच नवल वाटते. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात. वारी या शब्दाचा अर्थच ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा जाणे असा आहे. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. आळंदीहून निघणारा वारकरी पायी तीन आठवडे चालतो, दर वर्षी त्याच वाटेने, त्याच मुक्कामांवर, त्याच दिंडीत. ‘पंढरपूर झाले’ असे म्हणणारा वारकरी कोणी ऐकला आहे? उलट एखादे वर्ष चुकले तर त्याला चुकल्या-चुकल्यासारखे होते. आणि त्याहून विलक्षण गोष्ट अशी की इतके चालून गेल्यावर गर्दीमुळे राउळात शिरता आले नाही, तर तो कळसाला हात जोडतो आणि माघारी फिरतो. आपले पैसे फुकट गेले असे त्याला वाटत नाही, कारण त्याचा माल नुसता गाभाऱ्यात नव्हता, वाटेवरही होता. कोणी म्हणेल, ती भक्ती; सहलीचा आणि भक्तीचा काय संबंध? संबंध असा की एखादी जागा आवडते म्हणजे काय, हे त्या अडाणी ठरवलेल्या माणसाला युरोप झालेल्या माणसापेक्षा जास्त कळते. आपल्याच सिद्धेश्वराच्या गड्ड्याला आपण दर संक्रांतीला जातो. तेच नंदीध्वज, तोच तलाव, तीच गर्दी. गेल्या वर्षी पाहिले होते म्हणून यंदा कोणी घरी बसले आहे का?

पण ‘झाले’चा संसर्ग आता वारीच्या जिल्ह्यातही शिरला आहे. पहाटे गाडी सुटते : तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, एका दिवसात तिन्ही दर्शने, रात्री मुक्कामाला घरी. या फेरीत सोलापूर लागते ते चहाला आणि चादर घ्यायला. दुकानापुढे गाडी दहा मिनिटे थांबते, चादरी चढतात, गाडी सुटते. चादर विणली जाते ती वस्ती तेथून फार लांब नसते. पण ती कार्यक्रमात नसते. परक्यांचे सोडा. पुण्याला आणि हैदराबादेला नोकरीसाठी गेलेली आपली मुले दिवाळीला येतात आणि सुनेला सांगतात, "सोलापुरात बघण्यासारखं काही नाही गं." ज्या गावातल्या जुन्या मिलसाठी १९५० साली केंद्र सरकारने खास कायदा केला आणि ज्या कायद्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्या गावात काही नाही! ती मिल आता रिक्षावाल्याला सांगायचे एक नाव होऊन राहिली आहे. बाकीच्या मोठ्या गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्यांना चौघांची नावे विचारून पाहा. चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान आपण बाळगतो, पण जकार्डचा एक पुठ्ठा हातात घेऊन त्यातून उजेडाकडे पाहिलेली किती मुले आपल्या शाळांत निघतील?

ल्योंचा उगाच गौरव करावा असेही नाही. त्यांचे रेशीमही गेले. हजारो मागांपैकी आता बोटांवर मोजण्याइतके उरले आणि ते बहुतेक दाखवण्यापुरते चालतात. तेरा फूट उंचीच्या त्या खोल्यांना आता चांगला भाव येतो आणि त्यांत विणकर राहत नाहीत. पण मागाचे एक छोटे संग्रहालय त्या टेकडीवर आहे. तेथे बाई माग चालवून दाखवते आणि शाळेची पोरे तोंडे उघडी टाकून वर फिरणाऱ्या पुठ्ठ्यांकडे पाहत असतात. आम्ही तेथे दोनदा गेलो. दुसऱ्यांदा तिने आम्हाला ओळखले आणि तिकीट घेतलेच; फ्रेंच माणूस प्रेमात हिशेब चुकत नाही.

थोडा दोष लिहिणाऱ्यांकडेही जातो. मराठीतले प्रवासवर्णन मोठे संपन्न आहे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० चे, गाडगीळांचे ‘सातासमुद्रापलीकडे’ १९५९ चे, आणि १९६० ची पु. लं. ची ‘अपूर्वाई’ तर घराघरांतली. तेव्हा परदेशी जाणे हीच दुर्मीळ गोष्ट होती, म्हणून पहिलेपणाचे कौतुक रास्त होते. शिवाय पु. ल. तेथे दूरचित्रवाणीचे शिक्षण घ्यायला गेले होते, मुक्कामाला राहिले होते. मागून आलेल्यांनी त्यांचे नवल तेवढे उचलले, मुक्काम उचलला नाही. आज निम्मी आळी विमानात बसून आलेली असताना दिवाळी अंकांतून अजून विमानतळावरचा सरकता जिना आणि काट्याने खाण्याची फजिती छापून येते. जी माणसे एका गावी चारदा गेली, ज्यांची मुले तेथे नांदतात, ज्यांना तेथली भाजीवाली ओळखते, ती काही लिहीत नाहीत. त्यांना वाटते, आपल्याकडे सांगण्यासारखे नवे काय आहे?

दिवाळीचा अंक आहे, म्हणून ल्योंच्या दिव्यांचे सांगते. १८५२ साली फूर्व्हिएरच्या टेकडीवर मेरीमातेची मूर्ती बसवायची होती. सप्टेंबरातला सोहळा नदीच्या पुरामुळे ८ डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही वादळ झाले. संध्याकाळी आभाळ निवळले आणि लोकांनी आपण होऊन खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून दर ८ डिसेंबरला ल्योंच्या खिडक्यांत काचेच्या पेल्यांतले दिवे लागतात. आता त्याचा चार दिवसांचा मोठा उत्सव झाला आहे. इमारतींवर रंगीत प्रकाशाचे खेळ होतात आणि ते पाहायला जगभरातून लाखो लोक लोटतात. बसगाड्या भरून येतात त्या या खेळांसाठी. खिडकीतले पेले मात्र आपल्या पणत्यांसारखे असतात : घरच्या बाईने लावायचे, वारा आला की पुन्हा लावायचे, आणि ते पाहायला कोणाला तिकीट नाही. आमच्या घरमालकिणीने वाण्याकडून आणून ठेवलेले पेले मला दाखवले आणि तिच्या आजीपासूनचे काही जुने, जाड काचेचे, वेगळे ठेवलेले होते तेही. मी तिला पणती समजावून सांगितली. ह्यांनी कागदावर काढून दाखवली. ती बशीसारखी आली.

"मग आता तरी ल्यों झालं ना?" असे परवा वहिनींनी विचारलेच. ल्योंच्या मोंप्लेझीर भागात ल्युमिएर बंधूंचे घर आहे. त्यांनी १८९५ साली आपला पहिला चलत्पट घेतला तो तेथेच, त्यांच्याच कारखान्याच्या फाटकातून सुट्टी झाल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगारांचा, त्यात बऱ्याच बाया. पुढल्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, त्यांचे चलत्पट मुंबईत वॅटसन हॉटेलात दाखवले गेले. पाळी सुटली की गिरणीच्या फाटकातून माणसे कशी बाहेर पडतात हे ज्यांनी सोलापुरात रोज पाहिले, त्यांनी ते फाटक एकदा पाहायला हवे. ते आमचे दोन्ही खेपांना राहिले आहे.